पुढे थांबू

पेट्रोल पंप आला आणि गेला. सुनेने अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय जरासुद्धा सैल केला नाही.

शेजारच्या सीटवर सासऱ्यांची मान पंपाबरोबर मागे वळली आणि मुकाट समोर आली. समोर नुसती वाळू. मधोमध तापलेला डांबरी रस्ता, आडोशाला एक झुडूपही नाही.

“इथे थांबायला हरकत नव्हती,” ते म्हणाले.

“टाकी भरलेली आहे, बाबा.”

“टाकीचं नाही म्हणत मी.”

ती शाळेची बस चालवायची. रोजची चाळीस पोरं. कोण अचानक गप्प झालं, कुणाचे गुडघे जुळले, हे तिला आरशात एका नजरेत कळायचं. अशा पोरासाठी तिने भर रहदारीत बस उभी करून शिव्या खाल्ल्या होत्या. सासऱ्यांचे गुडघे गेली वीस मिनिटं जुळलेले होते.

मागून सासूबाईंचा हात पुढे आला, हातात पाण्याची बाटली.

“प्या हो. ऊन मरणाचं आहे.”

“आत्ताच प्यायलो ना!”

“डॉक्टरांनी बजावलंय. मग तुम्हाला चक्कर येते आणि आमच्या जिवाला घोर.”

ते प्यायले. दुसरी बाटली संपत आली होती. सुनेने आरशात पाहिलं. सासूबाई खिडकीबाहेरची वाळू बघत होत्या. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही.

सोळा वर्षांपूर्वी हाच रस्ता होता. स्टिअरिंगवर सासरे, शेजारी नवरा, मागे सासूबाई आणि ती. तिला आठवा महिना. पुरुष दोनदा उतरले, गाडीकडे पाठ करून उभे राहिले, पॅन्ट सावरत परत आले. तिने तीनदा सांगितलं. ‘पुढे थांबू,’ तिन्ही वेळा एकच उत्तर. नवऱ्याने एकदा ‘बाबा, थांबायचं का?’ असं पुटपुटून नकाशात तोंड खुपसलं. शेवटी व्हायचं ते झालं.

तेवढ्यावर भागलं असतं तर ती विसरलीही असती. पण सासऱ्यांनी त्याचा किस्सा केला. पोरीच्या पहिल्या वाढदिवसाला सांगितला. तिच्या आईवडिलांना समोर बसवून सांगितला. “आमच्या सूनबाईंनी वाळवंटात तळं केलं!” लोक पोट धरून हसायचे. तीही हसायची. नाही हसली तर चिडकी ठरली असती.

आज नणंदेच्या घरी सगळं गणगोत जमलं होतं. नवरा दोन दिवस आधीच पोचला होता. किस्सा होणार, हे ठरलेलंच होतं.

“जरा बाजूला घे गाडी,” सासरे म्हणाले.

“पुढे थांबू, बाबा.”

“पुढे म्हणजे कुठे?”

तिने नजर रस्त्यावरच ठेवली.

मागे आजीशेजारी बसलेल्या पोरीने कानातले इअरफोन काढले. “आई, आजोबांना जायचंय बहुतेक.”

“माहितेय मला.”

“मग थांबव ना! असं काय करतेस?”

तिला एकच हवं होतं. त्यांना ती दुपार आठवावी आणि ती आठवून त्यांनी ‘थांब’ म्हणावं. मग तिने तिथल्या तिथे ब्रेक मारला असता.

“ड्रायव्हर आहेस, ड्रायव्हरसारखी वाग!” सासरे खेकसले. “थांबव म्हटलं ना!”

तिने गिअर बदलला. गाडी आणखी पळाली.

पाचेक मिनिटांनी त्यांचा आवाज आला, तिने कधीही न ऐकलेला. “अगं, थांब गं पोरी. हात जोडतो.”

तिने गाडी वाळूत उतरवली. सासऱ्यांनी दार उघडलं नाही. दोन्ही हात मांड्यांवर ठेवून ते तसेच बसून राहिले. पोरीने इअरफोन परत कानात घातले. गाणं काही लावलं नव्हतं.

सासूबाईंनी पायाशी ठेवलेल्या पिशवीतून इस्त्रीची पॅन्ट काढली. शोधावी लागली नाही. अगदी वरच होती.

“कुणाला सांगू नकोस,” सासरे काचेकडे बघत म्हणाले.

“नाही सांगणार,” सून म्हणाली. मनापासून म्हणाली.

संध्याकाळी नणंदेच्या अंगणात खुर्च्यांचं कोंडाळं जमलं. नणंदेचे यजमान रंगात आले होते.

“सासरेबुवा, तो तळ्याचा किस्सा होऊन जाऊ द्या! आमच्या नव्या सूनबाईंनी ऐकलेला नाही.”

नवी सून ओठ आवळून सगळ्यांकडे बघत होती, आपण कुठे हसायचं ते कळावं म्हणून. बाकीच्यांचं हसू आधीच फुटायला आलं होतं. सासऱ्यांनी घसा खाकरला. त्यांची नजर आपल्या सुनेवर गेली आणि अडकली. तिने डोळे खाली घातले नाहीत.

“ती तीनदा म्हणाली होती,” सासरे म्हणाले. “मी गाडी थांबवली नाही.”

नणंदेचे यजमान एकटेच हसले आणि मधेच बंद पडले. नवरा स्वतःच्या चपला बघू लागला.

सुनेने खुर्ची ओढली आणि सासऱ्यांच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसली.

“मग काय झालं, बाबा?” ती म्हणाली. “सावकाश सांगा. घाई नाही कुणाला.”