पाण्यावरची ज्योत का विझली

सिरसाळ्याहून, नांदूरघाटाहून ट्रॅक्टर भरभरून माणसं लोटली होती. साखर कारखान्याच्या सांडपाण्याच्या तळ्यात पालथी घागर अर्धी बुडवून अग्निनाथ महाराज मंत्र पुटपुटत, तिच्या बुडाच्या भोकाशी पेटती काडी धरत आणि निळी ज्योत उठे.

"जितका गूळ, तितकी ज्योत!" महाराज गर्जत. भक्त गुळाच्या ढेपांवर ढेपा तळ्यात सोडत.

कारखान्याच्या प्रयोगशाळेतला राजेश्वर नुसता जळफळत होता. तीन वर्षं तो याच तळ्यातला वायू बाटलीत मोजत होता, पण त्याची वही साहेबांनीही उघडली नव्हती. आणि आता त्याची बायको कावेरीसुद्धा त्या भोंदूच्या रांगेत!

एका सोमवारी ज्योत पेटलीच नाही. महाराजांनी तळ्याकाठी राहणाऱ्या छबुबाईकडे बोट दाखवलं. "या रांडमुंड बाईची सावली पडली. हिला हाकला!"

राजेश्वरला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. जळणारा वायू घटतोय हे त्याला दहा दिवस आधीच कळलं होतं, पण महाराज तोंडघशी पडावा म्हणून तो गप्प बसला होता. छबुबाईची भांडी रस्त्यावर येऊन पडली, तेव्हा मात्र त्याला स्वतःची लाज वाटली. तो धावत जाऊन प्रयोगशाळेत दहा दिवसांपूर्वीच भरून ठेवलेले दोन कॅन घेऊन आला.

"दोन्हीत ह्याच तळ्याचा गाळ हाय. ह्यात चिमूटभर गूळ टाकलाय, त्यात ढेप. छबुबाई, दोन्हीच्या नळीला काडी लाव."

छबुबाईने काडी लावली. पहिल्या कॅनवर निळी ज्योत उठली. दुसऱ्यावर काडी विझली.

"सावली तर दोन्हीवर पडली की!" कावेरी म्हणाली.

"गाळातले जंतू गूळ खाऊन जळणारा वायू सोडतात," राजेश्वर म्हणाला. "लई गूळ झाला की पाणी आंबतं, हे जंतू मरतात. मग उरतो तो न जळणारा वायू. ज्योत तुमच्या गुळानंच विझली, मंत्रानं पेटलीच नव्हती!"

महाराज केव्हाच जीपकडे सटकले होते. गावचे सुंदरराव पाटील नारळ घेऊन पुढे आले. "राजेश्वर म्हाराज की..."

क्षणभर राजेश्वरला ते गोड वाटलं. तीन वर्षं हेच तर हवं होतं. मग रस्त्यावरची भांडी दिसली.

"नारळ नको, पाटील. आधी छबुबाईची भांडी उचला. आन् माझ्यावर बी इश्वास ठेवू नका. गूळ तुमीच मोजा, काडी तुमीच लावा. जे सोता तपासलं न्हाई, त्यापायी कुणाला घराबाहेर काढू नका."

सुंदररावांनी नारळ खाली ठेवला आणि वाकून पातेलं उचललं.