एकतीस यार्डांवरचा नर

सतरा वर्षे अर्ज केल्यावर मला म्यूल हरणाच्या नराच्या शिकारीचा परवाना मिळाला, तोही चुकीच्या हत्याराचा. चूक सोडत काढणाऱ्यांची नव्हती, माझीच होती. आमच्या पूर्व नेवाडात प्रत्येक डोंगरपट्ट्याला आणि प्रत्येक हत्याराला वेगळा क्रमांक असतो. सोडतीत नाव आले नाही की एक गुण वाढतो. आले की सगळे गुण शून्यावर येतात. खाणीच्या प्रयोगशाळेत दगडातले सोने दशलक्षांशात मोजण्यात माझी हयात गेली, आणि अर्जावर मी रायफलीच्या खालची ओळ निवडली. ती ओळ ठासणीच्या बंदुकीची होती: नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर गोळी ठासायची, दुर्बीण लावायची नाही, आणि बार एकच.

"सतरा वर्षं!" माझा थोरला भाऊ ऑर्व्हल स्वयंपाकघरात पोट धरून हसत होता. "अगं शास्त्रीणबाई, फॉर्म वाचायलाही सूक्ष्मदर्शक लागतो का तुला?"

"हस, हस. परवाना परत करता येतो म्हटलं. हंगामाच्या आदल्या दिवशी पाचच्या आत कचेरीत नेऊन दिला की गुण जसेच्या तसे."

"मग दे जा. नाहीतर माझी बंदूक घे. बिचारी कोपऱ्यात उभी राहून कंटाळली आहे."

मी बंदूक घेतली आणि स्वतःला दोन अटी घातल्या. ऐंशी यार्डांवरून जेवणाच्या ताटलीत दहापैकी नऊ गोळ्या लागल्या पाहिजेत, आणि जिवंत नराच्या ऐंशी यार्डांच्या आत पाचपैकी तीन वेळा पोचता आले पाहिजे. दोन्ही जमले तरच परवाना ठेवायचा. पोटात गोळी घेऊन दरीत उतरलेले हरीण मी एकदा पाहिले आहे. दुसरे माझ्या हातून तसे व्हायला नको होते.

जुलैभर आम्ही गावाबाहेरच्या जुन्या खडीच्या खाणीत नेम धरला.

"ठास, ठास! कुत्र्याला गोंजारतेस का?" ऑर्व्हल मागून ओरडायचा. "आणि तो तराजू ठेव आत. दारू मापानं घ्यायची असते, तोलायची नसते."

मी दोन्ही रीतींनी वीस-वीस बार करून पाहिले. फरक आढळला नाही. ते मी त्याला सांगितले नाही. ऑगस्ट संपताना ताटलीत दहापैकी नऊ भोके पडली, आणि पहिली अट पुरी झाली.

दुसऱ्या अटीसाठी मी बंदूक घरी ठेवून, दुर्बीण आणि अंतरमापक घेऊन डोंगरावर जात असे. वारा तोंडावर घेऊन, सेजच्या झुडपांआडून, बूट काढून नुसत्या मोज्यांनी रांगत मी चार नरांच्या मागे गेले. ते उधळले तेव्हाची अंतरे अशी: दोनशे दहा, एकशे चौसष्ट, तीनशे चाळीस, पंचाण्णव. गणिताच्या दृष्टीने चौथा प्रयत्नच निरर्थक होता; पाचवा मी केलाच नाही. म्हणून हंगामाच्या आदल्या सकाळी मी परवाना खिशात घातला. डोंगर एकदा डोळे भरून पाहायचा, अडीचला गाडीत बसायचे आणि दोन तासांवरच्या कचेरीत तो देऊन टाकायचा, असे ठरले.

"चाललीसच आहेस, तर एका जागी बस तरी," ऑर्व्हल गाडीच्या खिडकीत वाकून म्हणाला. "फार चालतेस तू. हरणांना वाटतं, बाई तपासणीला आल्या."

त्या दिवशी तपासण्यासारखे काही उरले नव्हते, म्हणून मी खरोखरच बसले. कड्याखाली एका वाकड्या जुनिपरच्या बुंध्याला पाठ टेकली. उन्हाने खडक तापले होते आणि वारा दरीतून सरळ वर, माझ्या तोंडावर येत होता. एक वाजून दहा मिनिटांनी सेजमधून नर वर आला.

तो मला शोधत नव्हता, मी त्याला शोधत नव्हते. शिंगांवरची मखमली कातडी अर्धी सोलली होती. तिच्या ओल्या, रक्ताळलेल्या चिंध्या डोळ्यांवर लोंबत होत्या, आणि उघडे पडलेले हाड ताज्या चिरलेल्या लाकडासारखे तांबूस दिसत होते. चार महिन्यांत त्याने डोक्यावर हे सगळे हाड उभे केले होते, या डोंगरावरच्या कडवट पाल्यातून. वाढीचा दर मला ठाऊक होता. कितीतरी वेळा वाचला होता. वाचताना माझा श्वास कधी अडकला नव्हता.

समोरच्या सावलीत त्याने पुढचे गुडघे टेकले आणि तो खाली बसला. मी अंतरमापक बोटभर हलवला. एकतीस यार्ड.

तो रवंथ करू लागला. घास गळ्यातून वर चढताना कातडीखाली स्पष्ट दिसे, एखादे अंडे वर सरकावे तसा. मी चावे मोजले: एकेचाळीस. मग घास खाली गेला आणि दुसरा वर आला: अडतीस. त्याचे लांब कान एकमेकांपासून स्वतंत्र फिरत होते. एक दरीकडे वळला, आणि एक माझ्याकडे. तो कान थांबला तेव्हा मी मोजायची थांबले. माझ्या हृदयाचे ठोके त्याला ऐकू जात असतील, हे विधान मी प्रयोगशाळेत एक क्षणही खपवून घेतले नसते. कान पुन्हा वळला.

अडीच वाजले. उठले असते तर तो उधळला असता, एवढेच. एका निरीक्षणावरून काहीही सिद्ध होत नाही. नर माझ्याजवळ आला होता. त्याच्याजवळ जाणे मला जमले नव्हते. माझ्या अटीत हे बसत नव्हते, आणि अट जवळ पोचण्याची नव्हे, बसून राहण्याची घालायला हवी होती, हे मला आता दिसत होते. तरीही कारण म्हणून हे सांगणे खोटे ठरेल. मी उठले नाही, कारण मला उठवेना.

चारच्या सुमारास सावली सरकली. तो उभा राहिला, अंग ताणले, नव्या सावलीत तीन पावलांवर पुन्हा बसला. मी अंतर मोजले नाही.

पाच वाजता कचेरीचे दार लागले असेल, आणि परवाना माझ्या खिशातच राहिला होता. तो अजून रवंथ करत होता.