चौथ्या बटणातलं हसू

मी एक जुनी पेटी आहे, मित्रांनो. पण माझ्यात दागिने नाहीत, कागदपत्रं नाहीत आणि हार्मोनियमचे सूरही नाहीत. माझ्यात हसू भरलेलं आहे. बटण दाबलं की मी हसते आणि ऐकणाऱ्याला वाटतं, सभागृहभर माणसं एकदम हसली. हल्ली माझा मुक्काम एडवणला, एका घराच्या पोटमाळ्यावर, नारळ सोलायच्या पहारेशेजारी असतो. माझ्या बोलण्यात थोडा मीठमसाला असतो हे आधीच सांगून ठेवते. जे दुखलं ते मात्र जसंच्या तसं सांगणार आहे.

माझा जन्म बोईसरचा. तिथे धीरज नावाचा कारागीर मिक्सर, पंखे आणि टीव्ही दुरुस्त करायचा. त्याने लग्नाच्या बँडमधल्या एका मोडक्या कीबोर्डची आतडी काढली, जुन्या कूलरच्या पत्र्याचं अंग केलं, रिक्षातला स्पीकर छातीत बसवला आणि वर सहा बटणं लावली. मी पहिल्यांदा सुरू झाले तेव्हा अख्ख्या गल्लीतले दिवे गेले, आणि शेजारच्या डेअरीतलं दूध हसून हसून नासलं असं लोक सांगतात. लोक म्हणजे मीच.

मला बनवून घेतलं कमलेशने. कमलेश आधी एका कारखान्यात पॅकिंगला होता. पहाटेच्या कंपनीच्या बसमध्ये तो असे काही किस्से सांगायचा की झोपेने पेंगणारी माणसं आपापला स्टॉप विसरायची. पुढे तिथल्या केबलवाल्याने त्याला एक कार्यक्रम दिला. 'जागे आहात ना?' हे त्याचं नाव. रात्री अकराला, दुसऱ्या पाळीची माणसं घरी येऊन जेवायला बसली की लागायचा. रोज एक पाहुणा, समोर एक टेबल आणि टेबलामागे कोट घातलेला कमलेश.

आता आतली गोष्ट ऐका. हा रात्रीचा कार्यक्रम व्हायचा दुपारी. बोईसरच्या एका मंगल कार्यालयाच्या माडीवर, खिडक्यांना काळं कापड लावून, त्यावर चमकीच्या चांदण्या चिकटवून. बाहेर ऊन मी म्हणत असायचं आणि आत कमलेश म्हणायचा, "मंडळी, रात्र फार झाली." अंगात कोट आणि टेबलाखाली बर्म्युडा. दुपारी प्रेक्षक मिळेनात. दिवसपाळीवाले कामावर आणि रातपाळीवाले घोरत पडलेले. मग हसणार कोण? मी.

माझ्या पहिल्या बटणात रिक्षास्टँडवरची खसखस होती. दुसऱ्यात कारखान्याच्या वसाहतीतल्या हास्यक्लबचे आजोबा होते. त्यांच्या हो-हो-हो मध्ये एकाचा खोकलाही आला होता. तिसऱ्यात टाळ्या आणि पाचव्यात हळहळ. सहावं बटण कधी चाललंच नाही. आणि चौथ्यात होती सुलू.

सुलू कमलेशची बायको. एडवणच्या वाडीत, केळी-नारळांत वाढलेली. नोकरीसाठी ती बोईसरला राहायला आली, आणि त्याच कंपनीच्या बसमध्ये त्याच्या किश्शांवर हसता हसता त्याच्याशी लग्न करून बसली. तिचं हसू म्हणजे काय सांगू तुम्हाला. आधी एक बारीकशी उचकी, मग ते जिना चढावं तसं वर वर जायचं, टोकाला जाऊन फुटायचं, ती "आता पुरे" म्हणायची आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू. ती वाडीत हसली की समुद्रातले होडीवाले मासळी आली समजून घाईने जाळी ओढायचे. एडवणला ते हसू ओळखत नाही असं माणूस नव्हतं.

लग्नाच्याच वर्षी कमलेश, धीरज आणि मी एडवणला गेलो होतो. कमलेशने वाडीतल्या पाटात आपण कसे पडलो त्याची नक्कल करून दाखवली. सुलू हसली आणि धीरजने माइक पुढे धरला.

"हे कशाला भरून घेतोस?" तिने विचारलं.

"घरी ठेवायला," कमलेश म्हणाला. "तू माहेरी आलीस की ऐकत बसेन."

मित्रांनो, तेव्हा मला वाटलं, मी तिजोरी झाले. एका माणसाचं सुख माझ्याकडे जपायला दिलंय. किती खुळी होते मी.

माझे चांगले दिवस होते ते. कमलेशचा कार्यक्रम एडवणपासून तारापूरपर्यंत लोक बघू लागले. लोक त्याला भाजीबाजारात थांबवून फोटो काढायचे. चौथं बटण तो राखून ठेवायचा. दिवसातला सगळ्यात चांगला विनोद झाला की कोटाच्या कॉलरला हात लावायचा आणि पडद्यामागे धीरज ते दाबायचा. त्या एका हसण्याने बाकी सगळं खरं वाटायचं. दसऱ्याला माझी पूजा व्हायची. सुलू स्वतः मला झेंडूची माळ घालायची, बटणाबटणाला हळदकुंकू लावायची. चौथ्या बटणालाही. आपण कुणाला कुंकू लावतोय हे तिला माहीत नव्हतं.

तिला ते कळलं कसं नाही, असं तुम्ही विचाराल. अहो, कारखान्यात तिची सकाळची पाळी असायची. पहाटे अंधारात बस यायची, म्हणून ती नऊलाच झोपायची. "तू जागू नकोस, तब्येत सांभाळ," असं कमलेश फार काळजीने सांगायचा. एडवणहून तिची आई मैनाबाई फोनवर म्हणायची, "काल तुजं हसणं आयकलं टीवीवर. बरं वाटलं." सुलूला वाटायचं, आईला आपली आठवण येते म्हणून भास होतात. आणि आई गावभर सांगायची, आमची सुलू पयल्याच रांगेत बसते.

मंगल कार्यालयात उंदीर फार, म्हणून कमलेश मला रोज बोईसरजवळच्या सरावलीला त्यांच्या भाड्याच्या खोलीत घेऊन जायचा आणि कपाटावर ठेवायचा. त्यामुळे टेबलाच्या मागचा कमलेश मी पाहिला तसा घरातलाही पाहिला. घरात तो हसायचाच नाही.

सुलू ताट वाढता वाढता सांगायची, "आज लाइनवर काय झालं माहितीये? सुपरवायझरने स्वतःच्याच बोटाला लेबल चिकटवलं."

"कुठल्या बोटाला?"

"करंगळीला."

"अंगठा करू. चालेल." आणि पुढचा घास.

दोन दिवसांनी तेच त्याच्या स्वतःच्या बाबतीत घडल्यासारखं टीव्हीवर यायचं. एकदा सुलूने विचारलंही, "मी सांगितलं की तुला हसू येत नाही का रे?"

"येतं ना," तो म्हणाला. "तिथे येतं."

हळूहळू सुलू कमी सांगू लागली. मग कमी बोलू लागली. मी कपाटावरून पाहत होते. चौथ्या बटणातली सुलू रोज दुपारी जिना चढून फुटायची आणि खालची सुलू भांडी घासून भिंतीकडे तोंड करून झोपायची.

मग सुलूचे वडील गेले. मैनाबाई वाडीत एकटी राहिली. भाजीच्या वाफ्यात बुजगावणं होतं, त्याला तिने नवऱ्याचा निळा शर्ट घातला. रोज सकाळी ती त्याच्याशी भांडायची. पाणी का नाय सोडलं, केळीला टेकू का नाय दिला, नुसता उभा ऱ्हातोस. सुलूने हे स्वतः पाहिलं. घरी येऊन कमलेशला सांगताना ती रडली, आणि रडता रडता जराशी हसलीही.

"हे कुणाला सांगू नकोस हं," ती म्हणाली.

"वेडी आहेस का?" तो म्हणाला.

पण माझं लक्ष त्याच्या हाताकडे होतं. त्याची बोटं चादरीवर हळूहळू ताल धरत होती. विनोद कुठे थांबवायचा हे तो नेहमी असंच ठरवायचा.

दुसऱ्या दुपारी तालमीत धीरज म्हणाला, "भाऊ, हा वहिनींच्या आईवर आहे. राहू दे. नाहीतर दोन नंबर दाबतो."

"चार," कमलेश म्हणाला. "हा वर्षातला बेस्ट आहे."

कॅमेरा सुरू झाला. कमलेश पाहुण्याला म्हणाला, "आमच्या सासूबाई रोज बुजगावण्याशी भांडतात. बरं, भांडतात तर भांडतात. हरतात." हात कॉलरला गेला. बटण दाबलं गेलं. मित्रांनो, माणसाला हसू दाबून ठेवता येतं. मला नाही येत. आईच्या दुःखावर मी लेकीच्या गळ्याने हसले. आधी उचकी, मग जिना, मग ते फुटणं आणि "आता पुरे" आणि पुन्हा.

त्यानंतर मैनाबाई फोन उचलेना. सुलूने सारखे फोन केले. शेवटी शेजारच्या ठकीने उचलला.

"काकू बोलत नाय तुज्याशी."

"का? झालं काय?"

"तू हसलीस ना टीवीवर. बुजगावण्याचं सांगितलं जावयांनी, तवा."

"मी कुठं हसले? मी तर झोपले होते."

"अख्ख्या गावानं आयकलंय तुजं हसणं, सुले. आता झोपेत पण हसतेस काय?"

त्या दिवशी सुलू अर्धी रजा टाकून थेट माडीवर आली. कंपनीचा निळा एप्रन तसाच अंगावर होता. कमलेश तोंडाला पावडर लावून घेत बसला होता.

"आईबद्दल टीव्हीवर काय सांगितलंस तू?"

"तिचं नाव घेतलेलं नाही मी."

"सासूबाई म्हणालास. किती सासवा आहेत तुला?"

"अगं, विनोद असतो तो. आणि तू हसलीस असं कोण म्हणतं? ती पेटी हसते."

सुलूने माझ्याकडे पाहिलं. मग धीरजकडे. धीरज मान खाली घालून स्क्रू शोधू लागला.

"दाबा," ती त्याला म्हणाली.

"वहिनी, जाऊ द्या ना."

"धीरजभाऊ, दाबा."

त्याने दाबलं. आपलंच हसू परक्या खोलीत ऐकताना सुलूचा चेहरा कसा झाला, ते मला सांगता येणार नाही. एवढ्या थापा मारते मी, पण ते वर्णन जमत नाही. ती हळूच म्हणाली, "हे तू घरी ठेवणार होतास."

"घरीच तर असते पेटी," कमलेश म्हणाला. "आता जरा बाजूला हो, शूटिंगची वेळ झालीये."

सुलूने माझी पिन ओढली, मला ओढणीत गुंडाळलं आणि जिना उतरली. पालघरला गाडी बदलून आम्ही एडवणला पोचलो तेव्हा दुपार कलायला लागली होती. वाफ्यात बुजगावणं उघडं उभं होतं, नुसते बांबू आणि मडकं. शर्ट काढून घेतलेला होता. मैनाबाई ओटीवर शेंगा सोलत होती.

"इथं कशाला आलीस?" ती वर न बघता म्हणाली. "हसायला जागा कमी पडली तिकडं?"

सुलूने मला ओढणीतून सोडवलं. ओटीवरच्या बोर्डात माझी पिन घातली आणि चौथं बटण दाबलं. मैनाबाईचे हात थांबले.

"परत," ती म्हणाली.

मी परत हसले.

"हे कवाचं?"

"लग्न झालं त्या साली. इथंच, पाटापाशी. त्यांनी भरून घेतलं आणि तेच वाजवतात. आई, मी नव्हते गं तिथे."

मैनाबाईने शेंगांचं सूप बाजूला सारलं. "आता हस."

"आता?"

"माज्यासमोर हस. असंच."

सुलूने प्रयत्न केला. तोंड उघडलं, दम घेतला. आतून आला तो नुसता वारा. वीज कमी असली की माझा स्पीकर करतो तसा. तिने पुन्हा करून पाहिलं. उचकीसुद्धा येईना. मग तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि ती तशीच, तोंड उघडं ठेवून, आईकडे बघत राहिली.

मैनाबाईने तिचं डोकं मांडीवर ओढून घेतलं. "टीवीवर हसली ती तू नाय," ती म्हणाली. "पटलं मला. असं हसणं तुज्याकडं आता शिल्लकच नाय. रोज फोनवर बोलत होतीस, मला तवाच कळायला पायजे होतं."

तेवढ्यात फोन वाजला. कमलेश होता. आवाज ओटीभर ऐकू आला. "पेटी तुझ्याकडे आहे ना? पाहुणे येऊन बसलेत."

मैनाबाईने फोन हातात घेतला. "जावयबापू, पेटी हाय. पोरगी पण हाय. पयलं कुणाचं इचारायचं ते ठरवा, मग फोन करा."

फोन पुन्हा आला. एकदा संध्याकाळी, एकदा दुसऱ्या दिवशी. दोन्ही वेळा त्याने पेटीचंच विचारलं. मग यायचा थांबला. आता म्हणे त्याच्याकडे मोबाइलमधलं तयार हसू आहे. बोईसरच्या पाणीटंचाईवर कुठल्याशा परमुलुखातली माणसं खो खो हसतात.

सुलू इथेच राहिली. तिने धीरजला बोलावून माझ्यातलं चौथं हसू पुसून टाकायला लावलं. पुसण्याआधी धीरजने तिला दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा ती "पुसा" म्हणाली. त्या बटणात आता काही नाही. तिचं तिला परत मिळालं का, हे मला कळत नाही. मी पोटमाळ्यावर कान देऊन असते. कधी खालून आवाज येतो आणि वाटतं, आलं. मग कळतं, भांडं पडलं. इथे मी थाप मारू शकले असते, मित्रांनो, आणि गोष्ट गोड झाली असती. पण या एका बाबतीत मला खोटं बोलवत नाही.

माझी विनवणी एवढीच आहे. तुमच्यासमोर कुणी पोट धरून हसलं, तर ते चार लोकांत वाजवायला भरून घेऊ नका; त्याच्या शेजारी बसून तेवढंच हसा. विश्वासाने सांगितलेलं दुःख विनोदासाठी वापरू नका, विनोद कितीही चांगला जमत असला तरी. आणि तुमच्या घरातल्या एखाद्या माणसाचं हसू बरेच दिवसांत ऐकलं नसेल, तर टीव्ही बंद करा आणि त्याला जाऊन विचारा. माझ्यासारख्या पेटीत हवं तेव्हा, हवं तितकं हसू वाजतं. माणसात ते जपावं लागतं, आणि एकदा आटलं की ते कुठल्या बटणाने परत येतं, हे धीरजलाही ठाऊक नाही.