धुण्याचा दगड

मिस्त्री नियमाला पक्के. चाळीस वर्षांत त्यांनी बसवलेल्या दगडाकडे बोट दाखवायची कुणाची बिशाद झाली नाही. आणि अशा माणसानं साठीला आल्यावर लबाडी करावी, तीही एका दगडासाठी! आता काय बोलायचं.

झालं असं. ओढा जुन्या वाटेनं खाणीच्या ढिगाऱ्यातून जायचा आणि खाली नारिंगी होऊन निघायचा. म्हणून ढिगाऱ्याला वळसा घालून त्याच्यासाठी नवा पाट खणला. पाण्यानं माती खाऊ नये, ढिगाऱ्यातली घाण झिरपून आत येऊ नये, म्हणून तळाला जाड प्लास्टिक अंथरलं आणि त्यावर दगड बसवायचं काम मिस्त्रींकडे आलं. इंजिनियर बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "दगड फक्त नव्या खदानीतले. जुन्या ओढ्यातला एकही नको. ते खाणीच्या पाण्यात मुरलेत, गंज सोडत राहणार."

मिस्त्रींनी मान डोलावली. पण जुन्या ओढ्यात त्यांच्या बायकोचा धुण्याचा दगड होता. ओढा चांगला होता तेव्हा ती त्यावर धुणं आपटायची, आणि पलीकडे काम करणाऱ्या मिस्त्रींना नुसत्या आवाजावरून कळायचं, आज स्वारी रागात आहे की खुशीत. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. आता ओढा वळणार आणि तिचा दगड उन्हात कोरडा पडणार, हे त्यांना बघवेना. एका दगडानं काय जग बुडतंय, असं म्हणत त्यांनी तो हातगाडीवर घालून आणला आणि घासूनपुसून तिसऱ्या वळणावर बसवला.

पाणी सोडलं. रोज दुपारी डबा घेऊन ते तिथंच बसू लागले. दगडावर पाणी चुबुकचुबुक करत राहायचं आणि मिस्त्रींना वाटायचं, आता हाक येईल, 'जेवलात का?' म्हणून. घरी तिच्या फोटोसमोरसुद्धा त्यांना तिची इतकी आठवण येत नसे.

बाराव्या दिवशी दगडाखाली बोटभर नारिंगी रेघ दिसली.

बाईंनी परवाच पाणी तपासलं होतं. एकदम स्वच्छ, म्हणाल्या होत्या. गप्प बसलं तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण खाली याच पाण्यावर त्यांच्या लेकीचं घर होतं. पाणी निवळल्यापासून दोन वर्षांची नात त्यात दिवसभर हात बुचकळत बसायची. मिस्त्री डबा न उघडताच उठले.

बाई आल्या तेव्हा ते गुडघाभर पाण्यात पहार लावून उभे होते.

"मिस्त्री, बसवलेलं काम का उखडताय?"

"माझीच लबाडी आहे, बाई. जुना दगड घातला होता. हिचा होता."

"कुणाचा?"

"आमच्या घरातल्यांचा. धुण्याचा."

बाई चिडल्या, चिडणारच. पण मग चपला काठावर काढून पाण्यात उतरल्या आणि दगडाची दुसरी बाजू धरली. गाडीवर ठेवताना एवढंच म्हणाल्या, "घरी ठेवा. पण पाणी लागू देऊ नका. ओघळ परत ओढ्यातच यायचा."

रिकाम्या जागी खदानीतला दगड बसवून मिस्त्री घरी आले. तिचा दगड त्यांनी दाराशी छपराखाली ठेवला. संध्याकाळी कामाचा शर्ट काढला, बादली भरली आणि दगडाशी येऊन उभे राहिले. मग आठवलं. त्यांनी बादली लांब सरकवली आणि कोरडाच शर्ट दगडावर आपटला. आवाज तिच्यासारखा मुळीच आला नाही. त्यांनी पुन्हा आपटला.