म्हशीचं गानं

घरात अनोळखी मानूस आला की मी आधी त्याचे हात बघते. ह्या पोरानं आल्या आल्या पांढरे हातमोजे चढवले. म्हनलं, झुंबरबाई, आता डोळ्यात तेल घालून बस. हात झाकून काम करनारा मानूस काय सरळ असतोय व्हय?

पोराचं नाव पार्थ. पुन्यावरनं शेवगाव, तिथनं रिक्षानं आमचं गाव, आन कशासाठी, तर आमच्या ट्रंकेतल्या जुन्या रेकॉर्डी बघून इकत घ्यायसाठी! माझी सून आरती, तिनं मोबाईलवर त्यांचा फोटो टाकला आन दोन दिसांत हा दारात हजर. एवढी घाई कुनाला असती? ज्याला काय तरी ठावं असतं, जे आपल्याला ठावं नसतं.

मी उंबऱ्यातच बसकन मारली. उंबऱ्यात बसू नये म्हनतात, पन हे दार सोडून त्याला जायला दुसरी वाट न्हाई.

आमच्या मालकांचा लाऊडस्पीकरचा धंदा हुता. आसपासच्या धा गावात त्यांच्या कर्ण्याबिगर लगीन लागायचं न्हाई. दोन वर्सं झाली त्यांना जाऊन. बाहात्तरच्या दुष्काळात बोअर पाडायच्या मशिनीसंगं एक परदेशी आल्ता, पेद्रू. गोरा न्हाई, आपल्यावानीच सावळा. मालकांचं आन त्याचं गूळपीठ जमलं. जाताना तो आपल्या रेकॉर्डीचं खोकं ह्यांना देऊन गेला. त्यांचं मधलं भोक रुपायाएवढं मोठं, आपल्या मशिनीवर बसंना. मग ह्यांनी माझ्या सासूच्या चपलेचं रबर कापून चकत्या केल्या आन त्यात ठोकल्या.

"आजी, ह्या नाचाच्या गाण्यांना सालसा म्हणतात," पार्थ सांगत हुता. "ही फंक. ही लॅटिन सोल. न्यूयॉर्कमध्ये पोर्तो रिकोच्या लोकांनी गल्लीबोळात काढलेल्या रेकॉर्ड-कंपन्या, दोन-तीनशे प्रती काढायच्या आणि बंद पडायच्या. जगभर लोक ह्या शोधत फिरतात."

"मग त्यांना सोडून तूच कसा आलास?" मी म्हनलं.

तो हसला. मला हसनारी मानसं आवडत न्हाईत. भिंगातनं तो रेकॉर्डीच्या मधल्या काळ्या भागावर कोरलेली अक्षरं वाचायचा, वहीत टिपायचा. एका रेकॉर्डीशी थांबला. कागदी पाकीट उलटं करून बघितलं, आरतीला दाखवलं. आरतीनं माझ्याकडं बघितलं आन पटकन नजर खाली घातली.

"काय हाय त्यावर?" मी इचारलं.

"काही नाही आत्या, जुनं पेन्सिलीचं लिहिलंय," आरती म्हनाली.

मला वाचता येत न्हाई हे तिला ठावं हाय. माझीच सून त्याला सामील!

आन रेकॉर्ड ती कंची? म्हशीचं गानं! चकतीला कडेला चीर हाय, मी लांबनं वळखली. त्यात एक बाप्या जड, घोगऱ्या आवाजात रेकायचा, आन मागं ढोलकी अशी वाजायची की वाजवनारा पेंगत असावा. आमच्या लग्नापास्नं ते गानं सगळ्यांच्या लग्नात वाजलं. पोरं वरडायची, "काका, म्हशीचं लावा!" सगळं गाव हसायचं. मी न्हाई हसले कधी. आरतीला मी आधीच सांगितलं हुतं, सगळ्यात आधी ती घरातनं घालीव. पन घालवायची ती मी, आन माझ्या डोळ्यांदेखत. फसवून कुनी नेलेली मी खपवून घेनार न्हाई.

का, ते सांगते. माझा डावा पाय लहानपनापास्नं आखूड. आमच्या गावात लगीन लागलं की नवरा-नवरीनं मारुतीच्या पाया पडायचं आन तिथनं हात धरून घरापत्तुर चालत यायचं. निघताना कर्ण्यावर एक गानं लावायचं. नवरी दारात पोचायच्या आत गानं संपलं तर लोक हुर्यो करायचे, "नवरी दमली, नवरी दमली!" मला रातभर त्याचाच घोर. आमी निघालो. कर्ण्यातनं काय तरी चिरचिर आवाज निघाला आन ह्यांनी माझा हात सोडला. उपरन्याची गाठ सोडून माझ्या खांद्यावर टाकली आन पळाले थेट मशिनीकडं. तिथंच उभे ऱ्हायले, मशिनीवर वाकून. पुन्ना आले न्हाईत. मी एकटी, लंगडत, सगळ्या गावादेखत, त्या म्हशीच्या रेकन्यावर घरापत्तुर आले.

लंगड्या बायकोसंगं चालायची लाज वाटली, दुसरं काय!

दारात बाया नाव घ्यायला आडव्या आल्या. मी तोंडाला कुलूप घातलं. सासूनं शेवटी तशीच आत घेतली. त्या दिवशी जे नाव घेतलं न्हाई ते पन्नास वर्सांत घेतलं न्हाई. संसार केला, दोन लेकरं वाढवली, त्यांच्या शेवटच्या दुखन्यात हातानं भरवलं. पन इचारलं न्हाई, आन त्यांनीबी सांगितलं न्हाई.

तर ह्या पोरावर माझी नजर हुती, तेवढ्यात अंगनात वाळत घातलेल्या बाजरीत शेळी घुसली. उठावंच लागलं. माझं जानं-येनं म्हंजी येळ लागतोय. शेळी हाकलून दारात येते तर पार्थनं आपल्या पेटीएवढ्या मशिनीवर रेकॉर्ड लावलेली, आन तिच्यातनं एक बाई गात हुती! तुरतुर पळनारं गानं, पिपान्या, घंट्या, ढोलकी कशी तडतडतीय!

"बदलली!" मी काठी आपटली. "मी पाठ फिरवली आन ह्यानं बदलली! आमच्या गान्यात बाप्या हाय बाप्या!"

"आजी, तीच आहे. ही बघा तुमची रबराची चकती."

"चकती काढून दुसऱ्यात बसवायला काय येळ लागतोय? पिशवी दाव तुझी!"

बिचाऱ्यानं पिशवी पालथी केली. डबा, पान्याची बाटली, टावेल. माझं तोंड पडलं, पन मी काय हटनार हुते? मग त्यानं मशिनीचा खटका सरकवला.

बाई घसरत घसरत खाली आली आन बाप्या झाली. ढोलकी पेंगायला लागली. म्हशीचं गानं.

"ही मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांच्या वेगानं वाजवायची रेकॉर्ड आहे," पार्थ हळूच म्हनाला. "तुमच्याकडं ती तेहतीसवर वाजवली. पावणेतीन मिनिटांचं गाणं, असं लावलं की जवळजवळ पावणेचार मिनिटं चालतं."

"कायतरी सांगू नको. आमच्या मालकांना मशिनीतलं कळत न्हवतं व्हय? अख्खी मशीन डोळं झाकून जोडायचे ते."

"कळत होतं, आजी."

पुन्ना त्यानं आरतीकडं बघितलं. आरती पाकीट घेऊन माझ्यापाशी खाली बसली. "आत्या, रागवू नका. तुमच्या पायाचा विषय निघेल म्हणून मघाशी बोलले नाही. मामांनी छगनकाकांसाठी लिहिलंय." लग्नादिवशी मशिनीवर ह्यांचा दोस्त छगन बसला हुता. आरतीनं बोट ठेवून वाचलं:

"छगन, खटका तेहतीसवरच ठेव. झुंबर दारात पोचेस्तवर गाणं संपता कामा नये."

मला पहिल्यांदा काय सुधरंना. मग तो चिरचिर आवाज आठवला. ती बाई हुती! छगन विसरला, त्यानं गानं पळवायला सुरवात केली, म्हनून ह्यांनी माझा हात सोडला. आन त्या जुन्या मशिनीचा खटका तर ढिलाच. बोट काढलं की निसटायचा. कितीदा बघितलं मी त्यांना, बोटानं खटका दाबून धरलेला, घामानं डबडबलेले. त्या दिवशीबी तसेच उभे हुते. मी दारात पोचेस्तवर.

कुनी हुर्यो केली न्हवती. पन्नास वर्सांत मला हे कधी आठवलंच न्हाई. हुर्यो झालीच न्हवती!

"अहो, मग तोंडानं सांगायला काय झालं हुतं!" मी वरडले, आन मला रडूच कोसळलं. पार्थ बिचारा हातमोजे काढून नुसता उभा.

"आजी, ही राहू दे तुम्हाला," तो म्हनाला.

"ऱ्हाऊ दे म्हंजी? ती माझीच हाय. तू बाकीच्या बघ. आन आता सुरवातीपास्नं लाव. हळू."

त्यानं लावलं. बाप्या रेकायला लागला. मी काठी टेकून उंबऱ्यात उभी ऱ्हायले. घर नवं बांधलं तरी उंबरा तोच हाय, जिथं बाया आडव्या आल्त्या.

"वैजनाथ," मी म्हनलं. उखाना न्हाई, काय न्हाई, नुसतं नाव.

आरती आ वासून माझ्याकडं बघत बसली. गानं अजून लई बाकी हुतं, म्हनून मी परत एकदा घेतलं.