दोन थर फोम

थोरलीचे बाबा ऑफिसांमध्ये गालिचे बसवायचे आणि घरी आले की लेकीच्या खेळाचे गोडवे गायचे. दोन्ही कामं ते गुडघे टेकूनच करतात, असं आई म्हणायची. गोल्फ त्यांनी पहिल्यांदा पाहिला तोही एका हॉलमध्ये गालिचा बसवताना. भिंतभर पडदा, समोर हिरवी मॅट. मॅटवरून चेंडू मारायचा, तो पडद्यावर आपटायचा आणि पुढचं सगळं मैदान पडद्यातच दिसायचं. बाबांच्या कामावर खूश होऊन मालकाने थोरलीला रिकाम्या वेळात खेळायला दिलं. तेव्हा ती चेंडूपेक्षा हवेलाच जास्त मारायची.

पण बाबांनी मनावर घेतलं. घराच्या गॅलरीत जाळी बांधली, खाली उरलेल्या गालिच्याचा तुकडा टाकला. पहिल्याच आठवड्यात पोरीची मनगटं सुजली, कारण स्टिक जमिनीवर आपटली की सगळा झटका हातात यायचा. बाबांचा जीव कासावीस झाला. त्यांनी गालिच्याखाली फोमचा एक थर घातला, मग मन मानेना म्हणून आणखी एक.

"आता मार बिनधास्त," ते म्हणाले.

तिने मारलं. हॉलमधल्या मॅटही बाबांनी तशाच मऊ करून दिल्या. पडद्यासमोरच्या स्पर्धा ती एकामागून एक जिंकत गेली. फ्रिजवर कप मावेनात, तेव्हा आईने एकात चमचे ठेवायला सुरुवात केली.

खऱ्या मैदानावर सभासदांखेरीज कोणाला पाय ठेवू देत नसत. ज्युनियर संघाच्या निवड चाचणीला मात्र असल्या स्पर्धा जिंकणाऱ्यांनाही बोलावत. जागा दोन होत्या आणि वयाच्या अटीमुळे थोरलीची ही शेवटचीच संधी होती. संघात आली तर मैदान आणि कोच रोजचे होणार. नाही तर आहेच गॅलरी. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यावर कोणी बोलत नव्हतं.

चाचणीचा पहिला फटका छोट्या खुंटीवर चेंडू ठेवून मारायचा होता. तो झकास गेला. दोरीमागे उभ्या असलेल्या बाबांनी शेजारच्या अनोळखी माणसाला सांगूनही टाकलं, "माझी मुलगी!"

दुसरा फटका गवतातून होता. स्टिक चेंडूच्या अलीकडेच रुतली आणि मातीचं ढेकूळ चेंडूच्याही पुढे जाऊन पडलं. कोणीतरी हसलं. थोरलीही हसली. पुढच्या फटक्याला तेच झालं, त्याच्या पुढच्यालाही तेच. अर्धं मैदान होईतो तिला गवताची धडकी भरली होती. बरोबर खेळणारी मुलगी हळूच म्हणाली, "आज जमीन ओली आहे गं." जमीन कोरडी ठणठणीत होती. त्या चांगुलपणानेच थोरलीला रडू फुटलं.

शेवटी कोचने तिला बाजूला घेतलं.

"कशावर शिकलीस?"

"मॅटवर. मऊ मॅटवर."

"तरीच. तुझी स्टिक आधी जमिनीला लागते, मग चेंडूला. मऊ मॅटवर ती घसरत पुढे जाते, म्हणून चूक कळतच नाही. गवत असं सोडत नाही."

"ही सवय सुटेल, सर?"

"सुटते ना. रोज गवतावर खेळलीस तर दोनेक वर्षांत." एवढं बोलून ते दुसरीकडे पाहू लागले.

परतताना बसमध्ये बाबाच बोलत होते. "घाबरलीस ना? मला तिथेच कळलं. एवढी माणसं बघून कोणीही घाबरेल." थोरलीने त्यांच्या हातांकडे पाहिलं. गालिचे ओढून ओढून बोटं वाकडी झाली होती. फोमचं नाव काढलं असतं तर हा माणूस जन्मभर त्या हातांना शिव्या देत बसला असता.

"हो, घाबरले," ती म्हणाली.

घरी आल्यावर बाबांनी तिला गॅलरीत उभं केलं. "मार एक. माझ्या समाधानासाठी."

तिने मारला. चेंडू जाळीत सणसणत गेला. "बघ! हात कुठे बिघडलाय?" बाबा ओरडले. थोरलीला मात्र आज पहिल्यांदा दोन आवाज ऐकू आले; आधी एक दबका, लगेच मागून चेंडूचा. इतकी वर्षं ते दोन्ही तिथेच होते आणि तिने ते कधी ऐकलेच नव्हते.

तोवर धाकटी आखूड स्टिक घेऊन दारात उभी राहिली. "आता माझा नंबर ना, बाबा?"

"तुझाच!" म्हणत बाबा आत गेले आणि फोमची नवी गुंडाळी घेऊन आले. गुडघ्यावर बसून त्यांनी गालिच्याची कड उचलली. "हिची मनगटं तुझ्याहूनही नाजूक. आणखी एक थर घालतो."

"बाबा, नको."

"का गं?"

हातात कटर धरून ते खालून तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर सकाळचा हुरूप परत आला होता. सांगायचं तर आत्ताच सांगायला हवं होतं. धाकटी स्टिक घेऊन उड्या मारत होती.

"काही नाही," थोरली म्हणाली. बाबांना एकट्याला जड जाईल म्हणून तिने खाली बसून गालिच्याचं दुसरं टोक उचलून धरलं.