तळघरात कोण खातंय?

डोळे मिटा बरं. मिटले? एक डोळा किलकिला ठेवलाय कुणीतरी, तोही मिटा.

आता समजा, तुमच्या खोलीतून सगळी माणसं बाहेर गेली. पंखा बंद, खिडकी बंद, नळसुद्धा गळत नाही. काय ऐकू येतं? लगेच ‘काहीच नाही’ म्हणू नका. नीट कान द्या. भिंतीपलीकडे कुठेतरी बारीक घरघर आहे. कपाटाचं लाकूड मधूनच कुरकुरतं. प्रत्येक खोलीची शांतता अशी निराळी असते. न्हाणीघराची गार आणि पोकळ, गाद्या रचलेल्या खोलीची मऊ आणि जाड. पटत नसेल तर आज घरी करून बघा.

अशी शांतता गोळा करणं हे एका आईचं कामच होतं. आणि त्या आईला सात वर्षांची एक मुलगी होती. तिचं खरं नाव चांगलं लांबलचक होतं, पण वरचे पुढचे दोन दात एकाच आठवड्यात पडले आणि आजोबांनी तिला ‘बोळकी’ म्हणायला सुरुवात केली. तेव्हापासून तेच नाव चिकटलं. आजोबांची कवळी पेल्यात असायची तेव्हा घरातलं खरं बोळकं कोणाचं, यावर दोघांचा वाद व्हायचा.

बोळकीची आई टीव्हीवरच्या ‘वज्रपंख’ मालिकेसाठी आवाज करून द्यायची. वज्रपंख म्हणजे तो निळ्या अंगरख्याचा, उडणारा, कधी न हरणारा. तो झेपावतो तेव्हा फडफड ऐकू येते ना, ती आजोबांच्या जुन्या छत्रीची. तो बर्फावरून चालतो तेव्हा आई पिठाची पिशवी दाबत असते. त्याचा ठोसा म्हणजे ओला टॉवेल फरशीवर आपटणं. आणि शत्रूची हाडं मोडतात, ती गाजरं.

हे सगळं चालायचं घराच्या मागच्या खोलीत. भिंतींना गाद्या, खिडकीला जाड पडदा, मधोमध टेबल, टेबलावर माइक आणि कोपऱ्यात हाडांची टोपली, म्हणजे गाजरांची. दारावर लाल दिवा होता. तो लागला की आत कोणी शिंकायचंसुद्धा नाही. रविवारी मात्र बोळकीला आत बसून आईच्या हातात वस्तू द्यायची परवानगी होती. जगात कुठे जायला आवडेल असं कोणी विचारलं, तर ती समुद्र म्हणाली नसती, आकाश म्हणाली नसती, ही खोली म्हणाली असती.

पण एकदा एका गडगडाटात तिची उचकी शिरली होती. आईला सगळा गडगडाट पुन्हा करावा लागला. तेव्हा आईने बजावलं होतं, “पुन्हा एकदा असं झालं ना, की ही खोली तुला बंद. रविवारीसुद्धा.”

आणि तरी ते झालंच. कसं झालं ते ऐका.

एका दुपारी बोळकी टोपलीतलं एक गाजर उचलायला गुपचूप आत शिरली. एकच. तेवढ्यात आईची पावलं वाजली. बोळकी टेबलाखाली. आई आली, माइक चालू केला, दिवा लावला आणि दार ओढून बाहेर गेली. पडद्यावर कोणीच बोलत नसतं तेव्हा मागे लावायला तिला एक मिनिट नुसती खोलीची शांतता हवी होती, आणि शांतता घ्यायची तर स्वतःचा श्वासही आत ठेवून चालत नाही. टेबलाखालच्या बोळकीला वाटलं, आई गेली, आता कोण ऐकतंय? आणि तिने गाजर खाल्लं.

आई कामात भारी काटेकोर. प्रत्येक फडफड, प्रत्येक ठोसा दोनदा ऐकून मगच पुढे पाठवायची. पण शांतता कोण ऐकत बसतं? ती तशीच गेली. तिकडे चित्र आणि आवाज जोडणाऱ्या माणसाला वाटलं, बाईंनी मुद्दामच काहीतरी घातलंय. त्याने आवाज उलट थोडा वाढवला.

बोळकीही ते गाजर विसरून गेली. पोटात गेलेली गोष्ट कोण लक्षात ठेवतं!

मग आला तो शनिवार. वज्रपंखच्या दुसऱ्या पर्वाचा पहिला भाग, संध्याकाळी सात वाजता. घर भरलेलं. आजोबा कवळी लावून तयार. वरच्या मजल्यावरच्या, दातांचा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरकाकू आलेल्या. खालचे पोस्टमनकाका आलेले. बोळकीचा मोठा दादा फोन हातात घेऊन सगळ्यांत पुढे बसलेला, कारण प्रत्येक प्रसंगावर मित्रांना काहीतरी कळवल्याशिवाय त्याचा घास खाली उतरत नसे.

सुरुवातीलाच शत्रूचं धमकीचं पत्र आलं.

“पाकिटावर पत्ताच नाही,” पोस्टमनकाका म्हणाले. “पोचलं कसं?”

“काका, तो महाखलनायक आहे!” दादा वैतागला.

“असेल. पण मी तीस वर्षं पत्रं वाटली. पत्त्याशिवाय माझ्या बापाचंसुद्धा पोचवलं नसतं.”

“शू! आता कोणी श्वाससुद्धा घेऊ नका,” दादा म्हणाला.

वज्रपंख अंधाऱ्या तळघरात उतरत होता. संगीत थांबलं. तो मधोमध उभा राहिला, सगळीकडे नजर फिरवली आणि खर्जातल्या आवाजात म्हणाला, “इथे कोणीच नाही.”

कर्रर्र. कचकचकच. फुस्स.

खोलीत सगळे दगडासारखे बसले. वज्रपंख मात्र शांतपणे उभा होता. त्या बिचाऱ्याला काहीच ऐकू आलं नव्हतं.

कर्रर्र. कचकचकच. फुस्स.

“कोणीतरी आहे!” दादा ओरडला. “अदृश्य आहे! आणि खातोय!”

“हाडं खातोय,” आजोबा म्हणाले. “आवाजच तसा आहे.”

बोळकीला ते गाजर आठवलं. तिने आईकडे पाहिलं. आई हळूहळू ताठ होत होती. तीन खोल्यांपलीकडे नळ ठिबकला की ती अशीच ताठ व्हायची.

“ए, ते मागे घे रे जरा,” डॉक्टरकाकू म्हणाल्या. त्यांनी डोळे मिटून ते पुन्हा ऐकलं, मग आणखी एकदा. मग बोट वर केलं. “ह्याला वरचे पुढचे दोन दात नाहीत.”

“कोणाला?”

“ह्या तुमच्या राक्षसाला. पुढून तोडता येत नाही, म्हणून बाजूने तोडतोय. ते शेवटी फुस्स होतंय ना, ती हवा फटीतून जातेय. आणि दाढा बारक्या आहेत. दुधाच्या.”

“दुधाच्या दाढांचा राक्षस?” आजोबा म्हणाले.

“म्हणजे राक्षसाचं पोर!” दादाची बोटं फोनवर थुईथुई नाचायला लागली.

बोळकीने ओठ असे मिटले, की सुई जायला जागा नाही. डॉक्टरकाकूंनी बिस्किटांची बशी पुढे केली.

“घे गं, बोळके.”

“म्म्म्,” मान डावी-उजवी.

“बिस्किटाला नाही म्हणते?” आजोबा घाबरले. “हिच्या कपाळाला हात लावून बघा कोणीतरी.”

आईने हात लावला. कपाळ गार होतं, कान तेवढे तापले होते.

भाग संपेपर्यंत दादाच्या फोनवर निरोपांचा नुसता पाऊस पडत होता. वज्रपंखच्या नव्या अंगरख्याबद्दल कोणी अवाक्षर काढेना. जो तो विचारत होता, तळघरात कोण खातंय? कोणी म्हणे, तो वज्रपंखचा हरवलेला भाऊ. कोणी म्हणे, तो सगळं शहर खाणार आहे, आत्ता फक्त जिन्यापासून सुरुवात केलीये. एकाने तर त्याचं चित्रसुद्धा काढलं: हिरवा, गुबगुबीत आणि पुढचे दोन दात गायब.

“काय सोंग आहे!” दादा खिदळला. “बोळके, अगदी तुझ्यासारखं दिसतंय बघ.”

“म्म्म्!” बोळकी म्हणाली.

तेवढ्यात आईचा फोन वाजला. दिग्दर्शक होते. ते एवढ्या मोठ्यांदा बोलायचे, की फोन नसता तरी चाललं असतं.

“बाई! तळघरात काय घातलंत तुम्ही?”

आई उठून उभी राहिली. “साहेब, ते मी...”

“लोक वेडे झालेत! त्या पोराला आम्ही गोष्टीत घेतोय. पुढच्याच भागात! उद्या दुपारी बारापर्यंत तेच खाणं हवं. हसत खाणं, रुसून खाणं, पळता पळता खाणं. पण तोच आवाज हं, बाई! दुसरं कोणी खाल्लं तर लोक लगेच ओळखतील.”

“उद्या बारापर्यंत,” आई म्हणाली आणि फोन ठेवला. मग तिने बोळकीकडे पाहिलं नाही. इतकं ठरवून पाहिलं नाही, की ते बोळकीला चांगलंच जाणवलं.

दुसरा दिवस रविवार. खोलीचं दार उघडं, पण बोळकी उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. आईने पकडीत गाजर धरून मोडलं. ते हाड वाटलं. आजोबांनी मोठ्या मनाने कवळी काढून दिली, आईने ती हातात धरून गाजरावर खटखट वाजवली.

“थेरडा राक्थथ,” आजोबा म्हणाले.

मग दादाला बोलावलं. त्याने चार गाजरं खाल्ली.

“घोडा,” आई म्हणाली. “जा तू.”

अकरा वाजले. टोपलीत एकच गाजर उरलं.

“नाही जमत,” आई स्वतःशीच पण चांगलं मोठ्याने म्हणाली. “साहेबांना फोन करून सांगते, माझ्या हातून चूक झाली. त्याआधी खोलीची एक मिनिट शांतता घेऊन ठेवते. मागची कशी कोण जाणे, खराब निघाली.”

तिने माइक चालू केला. ते शेवटचं गाजर उचलून टेबलावर माइकशेजारी ठेवलं. बोळकीच्या अंगावरून ती बाहेर आली आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली. दार अर्धं उघडंच.

बोळकी उंबऱ्यावर. जिभेचं टोक दातांच्या फटीत. बोललं तर खोली गेली, कायमची, रविवारीसुद्धा. नाही बोललं तर आई फोनवर म्हणणार, माझ्या हातून चूक झाली. आणि आईच्या हातात तर तेव्हा काहीच नव्हतं. गाजर तर हिच्या हातात होतं.

ती आत गेली.

मागे पावलं आली. दार लागलं. लाल दिवा लागला. बोळकी सवयीने टेबलाखाली वाकली आणि तिथेच थबकली. एक काळी वायर माइकपासून निघून, फरशीवरून सरपटत दाराच्या फटीतून बाहेर गेली होती. मागच्या वेळी ती नव्हती. म्हणजे ह्या वेळी आई दाराबाहेर कानाला हेडफोन लावून उभी होती. ह्या वेळी शांतता कोणीतरी ऐकत होतं.

अजून टेबलाखाली गुपचूप बसून राहता आलं असतं. वायरला डोळे नसतात.

बोळकी टेबलाखालून बाहेर आली. माइक उंच होता, म्हणून तिने पिठाची पिशवी ओढून त्यावर पाय ठेवले. बर्फ करकरला.

“आई,” ती माइकमध्ये म्हणाली, “ती मी होते. खोली बंद करायची तर कर. पण आधी मला सांग, पहिल्यांदा हसून खाऊ की रुसून?”

वायर जराशी थरथरली. हेडफोन लावलेलं माणूस तोंड दाबून हसत असलं की थरथरते, तशी.

मग बोळकीने गाजर उचललं, तोंडाच्या उजव्या कोपऱ्यात धरलं आणि स्वतःच ठरवून टाकलं.

कर्रर्र. कचकचकच. फुस्स.